पासलीचा न उघडणारा अडकित्ता

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला भोळा समजायला नको. भूतखेत, करणी, अंगात येणं, कौल लावणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. माझी नोकरीच तशी. भोर संस्थानात मी व्हॅक्सिनेटर, म्हणजे गावच्या भाषेत देवी टोचणारा डाक्टर. लोकांचा विश्वास देवीच्या कोपावर आणि माझ्या हातात टोचायची लॅन्सेट. अशा माणसाला रोज दहा देवांशी आणि वीस भुतांशी वाद घालावा लागतो. वाद घालता घालता तो एक तर पक्का अश्रद्ध होतो, नाहीतर नोकरी सोडतो. मी नोकरी सोडली नाही.

तर असा मी, आणि मला एक छंद — जुन्या, चमत्कारिक वस्तू गोळा करण्याचा. हा छंद मला नोकरीनेच लावला. मी गावात शिरलो की आया पोरांना लपवायच्या. कुणी कणगीत, कुणी माळ्यावर, कुणी पेंढ्यात. पोरं सापडेपर्यंत अर्धा दिवस जायचा आणि तोवर मी ओसरीवर बसून समोरच्या घराचे कोनाडे न्याहाळत राहायचो. कोनाड्यात काय काय निघतं! विंचवाच्या आकाराचं कुलूप, शिंगाची तपकिरीची डबी, एका कडीत अडकवलेली तीन कानकोरणी. मग एकदा मार्गासनीला घोड्याच्या आकाराचा अडकित्ता मिळाला आणि बाकी सगळं मागे पडलं. त्यानंतर मी फक्त अडकित्ते जमवले. मोराचा, नागाचा, कुस्ती धरलेल्या दोन पैलवानांचा, एक तर टोपी घातलेल्या मडमेचा. ज्या वेळची ही गोष्ट आहे, बारा-तेरा वर्षं झाली तिला, तेव्हा माझ्या ट्रंकेत एकतीस अडकित्ते होते.

माझा एक नियम होता आणि सगळं रामायण त्या नियमातून घडलं. जो अडकित्ता चालत नाही तो घ्यायचा नाही. घेण्याआधी माझ्या चंचीतली अख्खी सुपारी काढायची आणि मालकाच्या देखत फोडून बघायची. फुटली तर घ्यायचा, नाहीतर रामराम.

माझं गाव किकवी. तिथे आबा, म्हणजे माझे वडील, शेती बघायचे आणि माझ्या लग्नाची वाट बघायचे. मी अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालो होतो आणि अकरा मुलींत खोड काढून मोकळा झालो होतो. कुणी उंच, कुणी ठेंगणी, एकीचा मामा फार बोलतो. खरं कारण वेगळंच होतं. बायको आली की पहिल्यांदा माझी ट्रंक उकिरड्यावर जाणार, याची मला खात्री होती. आबा येईल त्याला सांगायचे, “लोकांच्या घरात पोरं खेळत्यात, आमच्या लेकाच्या घरात आडकित्तं.”

त्या वर्षी हिवाळ्यात टोचणीच्या कामासाठी मी वेल्ह्याच्या पुढे पासलीला गेलो. भात झोडून झालं होतं, माणसं जरा मोकळी होती. सकाळी पोचल्या पोचल्या पोलीस पाटलांकडे गेलो, कामाचं बोललो आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, गावात कुणाकडे जुना अडकित्ता आहे का? पाटील हसले. म्हणाले, गेनबाकडे आहे, पण तो तुम्ही नाही घेतलात तर बरं. मी म्हटलं, दुपारी जाऊ. हे बोलणं पाटलांच्या अंगणात झालं आणि अंगणातून बाया पाण्याला जात होत्या. हे मी मुद्दाम सांगतोय, लक्षात ठेवा.

मग देवळापुढे टोचणी सुरू झाली. नेहमीची रडारड, पळापळ. त्यात एक मुलगी मात्र पळत नव्हती. उलट पळालेली पोरं बखोटीला धरून आणत होती आणि माझ्यासमोर त्यांचे हात घट्ट धरून बसत होती. विसाची असेल. टोचताना ती पोराकडे न बघता माझ्याकडेच बघत होती, बाजारात बैल पारखावा तसं. शेवटी म्हणाली, “डाक्टर, पोराचा हात कापत न्हाई. तुमचाच कापतुया.”

माझा हात अजिबात कापत नव्हता. मला राग आला. आणि ज्याच्यावर राग येतो ते माणूस डोक्यातून जात नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे.

दुपारी पाटील मला गेनबाच्या घरी घेऊन गेले. गेनबा म्हणजे दारातून आडवा शिरावा लागेल असा गडी, पण बोलणं अगदी हळू. घरात त्याची थोरली बहीण भागाआत्या, आणि आतल्या दाराशी — मघाची तीच मुलगी. गेनबाची एकुलती एक, हौसा. आई लवकर गेली, आत्यानं वाढवलेली. शेजारच्या घरात गेनबाचा पुतण्या धोंडिबा राहायचा. त्याच्याशी बांधावरून दोन वर्षं बोलणं बंद होतं.

अडकित्ता आला आणि मी बाकी सगळं विसरलो. पोलादी पातं, पितळी मुठी, आणि दोन्ही मुठींवर एकेक पोपट, चोचीला चोच लावलेले. एवढं नाजूक काम मी पाहिलं नव्हतं. मी काही विचारण्याआधीच गेनबा म्हणाला, घेऊन जा, फुकट न्या, नाहीतर नदीत टाका.

मग हकिकत कळली. त्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलं की सुपारी ह्याच अडकित्त्यानं फोडायची, ही पाच पिढ्यांची रीत. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग ब्रह्मदेव आला तरी ते मोडत नाही, हे वाचकांना सांगायला नको. हौसाच्या वेळी पाहुणे आले, बोलणी झाली, पंच बसले, आणि अडकित्ता उघडेना. जबडाच उघडेना. चौघांनी जोर केला तरी ढिम्म. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, अपशकुन म्हणाले आणि उठून गेले. पुढच्या वर्षी दुसरे आले, तसंच. मग तिसरे. तीन पाहुणे माघारी गेल्यावर चौथा कशाला येतोय?

गंमत अशी की पाहुण्यांची पाठ फिरली की दोन दिवसांनी अडकित्ता आपला सुरळीत चालायचा. आत्या त्यानेच पानाची सुपारी कातरायची.

मी मनातल्या मनात हसलो. गंज धरला असेल, तेल सुकलं असेल. हौसा दारात उभी होती, तिच्या तोंडावर कसलाही भाव नव्हता. मी म्हटलं, माझा नियम आहे, चालतो का ते बघूनच नेईन. चंचीतून सुपारी काढली. अडकित्ता हातात घेतला, मुठी फाकवल्या. अलगद उघडला. सुपारी ठेवली, आवळली. कट्. दोन स्वच्छ फोडी माझ्या तळव्यावर पडल्या.

पाटलांच्या हातातली चिलीम तिथंच राहिली. मी मोठ्या उत्साहाने सांगायला लागलो, “बघा, काही नव्हतं, नुसतं —” आणि एवढ्यात भागाआत्यानं केवढा तरी गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला. पुढचं वाक्य गुळात गेलं.

“सुपारी फुटली,” आत्या पाटलांना म्हणाली. “तुमी बगितली न्हवं?”

पाटील म्हणाले, “बगितली.”

गूळ संपेपर्यंत त्यांनी माझं गाव, कूळ, देवक, आजोळ सगळं काढून घेतलं होतं, कारण पाटलांना आधीच अर्धं माहीत होतं आणि उरलेल्याला मी मान हलवत होतो. कुठेही अडत नव्हतं. उलट माझ्या आजीची मावसबहीण वेल्ह्यात दिलेली निघाली. तोंड मोकळं झाल्यावर मी ओरडून सांगितलं की मी वस्तू तपासत होतो, लग्न ठरवत नव्हतो. हवं तर पुन्हा फोडून दाखवतो, कुणाच्याही हातून फोडा, कुणाचीही फुटेल.

पुन्हा मुठी ओढल्या... उघडेना. मी जोर लावला. गेनबाने लावला. पाटलांनी पायाखाली एक मूठ धरून दुसरी दोन्ही हातांनी ओढली. जबडा ज्वारीच्या दाण्याएवढाही हलला नाही. आत्या अगदी समाधानाने म्हणाली, “त्येचं काम झालं.”

मी हौसाकडे बघितलं. मघापर्यंत कसलाही भाव नसलेली ती मुलगी भिंतीला टेकली होती आणि तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. मला वाटलं, बिचारीला लाज वाटली असेल.

मी अडकित्ता घेऊन तिथून निघालो — निघालो म्हणजे पळालो. दुसऱ्या दिवशी किकवीला पोचलो तर आबांची शेजारीपाजारी साखरसुद्धा वाटून झाली होती. नसरापूरच्या एका कासाराने बातमी माझ्या आधी आणली होती. मी आबांना पोटतिडकीने समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “फोडली का न्हाई तू सुपारी?” मी म्हटलं, फोडली, पण... ते म्हणाले, “मग पन कशाला?” मी तावातावाने भोरला निघून गेलो.

आता खरी अडचण सांगतो. टोचणीनंतर आठव्या दिवशी देवी उठल्या की नाही ते बघायला डाक्टरला त्याच गावी परत जावंच लागतं. रिपोर्ट द्यायचा असतो. म्हणजे माझ्याकडे आठ दिवस होते. हो म्हणायचं किंवा नाही. नाही म्हटलं तर त्या मुलीची चौथी सुपारी मोडली, तीही फुटल्यानंतर. मग तिच्या दारात कोण येणार होतं?

चौथ्या दिवशी गेनबा स्वतः भोरला माझ्या खोलीवर आला. पासलीहून चालत. फडक्यात बांधलेले तांदूळ त्याने कोपऱ्यात ठेवले, पाणी प्यायला आणि खाली बघत म्हणाला, “तुमी शिकलेलं मानूस. तुमाला न्हाई पटत तर न्हाई. म्या गावात सांगंन, सुपारी किडकी व्हती म्हनून फुटली. पर येक करा. आठव्या दिशी पोरांचं हात बगाया याल, तवा देवळामागनं जावा. माज्या दारावरनं जाऊ नगा. पोर दारात बसती.”

एवढं बोलून तो उठला. मला लाज वाटली, इतकी की त्याला अर्ध्या वाटेपर्यंत सोडायला जाण्याचंही सुचलं नाही.

मग मी ठरवलं, ह्या प्रकरणाचा छडा लावायचा. शास्त्रीय. कारण सापडलं तर घरावरचा अपशकुनाचा डाग जाईल, मुलीला स्थळं येतील आणि मीही सुटेन. अडकित्ता घेऊन भोरच्या लोहाराकडे गेलो. त्याने खिळा काढला, दोन्ही पाती सोडवली आणि चिमट्याने आतून एक काळा तुकडा उचलून माझ्या तळव्यावर ठेवला. मोडलेल्या दाभणाचं टोक.

“कुनीतरी दगडानं ठोकून बशिवलंय,” तो म्हणाला. “हे आत असताना ह्यो अडकित्ता काय उघडायचा न्हाई.”

मी म्हटलं, गेल्या आठवड्यात माझ्या हाताने उघडला, सुपारी फोडली. लोहाराने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पिऊन आलोय का ते वासावरून ठरवतोय. मी विचार केला, टोक तेव्हा जरा सरकलं असेल आणि नंतर परत बसलं असेल. झालं, कारण सापडलं. आणि ठोकणारा कोण, हे ओळखायला माझ्यासारख्या माणसाला क्षणभरही वेळ लागला नाही. धोंडिबा! भाऊबंदकी, दुसरं काय. बांधाचा राग चुलत बहिणीवर काढला.

आठव्या दिवशी दाभणाचं टोक कागदाच्या पुडीत घालून पासलीला गेलो. देवळामागून गेलो नाही. गेनबाच्या दारावरूनच गेलो आणि आत जाऊन बसलो. पाटलांना बोलावलं, पुडी उघडली आणि छोटंसं व्याख्यानच दिलं. घर अपशकुनी नाही, मुलगी अपशकुनी नाही, कुणीतरी वाईट बुद्धीने हे टोक आत ठोकत होतं. नाव मी घेतलं नाही, फक्त शेजारच्या भिंतीकडे बघितलं. गेनबाने दोन्ही हात डोक्याला लावले. पाटील म्हणाले, म्हणजे सुपारी फुटली ती काही दैवी नव्हे, डाक्टर मोकळे? मी म्हटलं, तसंच म्हणायचं.

तेवढ्यात हौसा आतल्या दारातून पुढे आली. “ह्ये कवा काडलं?”

“तीन दिवस झाले. भोरला.”

“म्हंजी त्या दिशी आतच व्हतं?”

“असणार.”

ती माझ्याकडे बघत राहिली. पहिल्या दिवशी बैल पारखत होती, आज तसं नव्हतं. मग आत्याकडे वळून म्हणाली, “आत्ये, ह्यास्नी सांग, माजी ना न्हाई.”

मी तर तिला काही विचारलंच नव्हतं. सुटकेचं सगळं भाषण करून मी नुकताच थांबलो होतो. दार उघडं होतं, टोचणीची पिशवी खांद्याला होती. आणि माझ्याच तोंडून मला ऐकू आलं, “माझीही नाही.”

लग्न झालं. ट्रंक उकिरड्यावर गेली नाही. उलट हौसा सणासुदीला चिंच लावून बत्तीसच्या बत्तीस अडकित्ते उजळवते. पुढे बारा-तेरा वर्षं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगत आलो आणि शेवट ठरलेला — मी ते दाभणाचं टोक शोधून काढलं, त्या हुशारीवर ही भाळली. ती पानं लावत ऐकायची.

गेल्या महिन्यात धोंडिबा भोरला बाजाराला आला आणि आमच्याकडे डोकावला. त्याच्याशी मी कधी नीट बोललो नव्हतो, कारण उघड आहे. त्या दिवशीही सगळ्यांना पान दिलं, त्याला दिलं नाही आणि वर बोललो, “दाभण आणलंय का रे बरोबर?” तो पिशवी उचलून गेला. माणूस आता पन्नाशीचा. पायरी उतरताना त्याने उपरण्याने डोळे पुसले.

हौसा आतून आली आणि माझ्यासमोर बसली.

“बास करा आता. त्या मानसानं काय बी केलेलं न्हाई. दाभन म्या ठोकत व्हते.”

मला आधी कळेचना. मग तिने सरळ सांगितलं. पहिलं स्थळ पंचेचाळिशीचा बिजवर होता, म्हणून. दुसऱ्याची आई आल्यापासून तिचे दात मोजत होती, म्हणून. मी विचारलं, आणि तिसरं? ती म्हणाली, “त्येला उगाच. हात बसला व्हता.” पाहुणे गेले की ती टोक काढून घ्यायची. मी गेलो त्या दिवशी सकाळी पाण्याला जाताना तिने ऐकलं की कोटटोपीवाला कुणी भोरहून येऊन तिच्या घरचा अडकित्ता विचारतोय. आता नवरदेवाशिवाय कोण विचारणार? घागर तशीच ठेवून ती घरी पळाली, मागच्या दाराने शिरून दाभण घेतलं आणि पाट्याच्या वरवंट्याने ठोकलं. मग नवरदेव आहे तरी कसा, ते बघायला देवळापुढे आली.

“म्हणजे मी सुपारी फोडली तेव्हा —”

“दाभन आतच व्हतं. म्या ठोकल्यावर दोनदा जोर लावून बगितलं व्हतं. उघडत न्हवता. आन तुमच्या हातात गेला आन उघाडला. आठव्या दिशी तुमी पुडी आनली तवर मला वाटत व्हतं, पडलं आसंल कुटंतरी, आन मागनं गंजानं आडाकला आसंल. न्हाई पडलं. मग म्या काय नाय म्हननार?”

तेरा वर्षं मी समजत होतो की ती माझ्या हुशारीवर भाळली.

मी लगेच धोंडिबाच्या मागे धावलो, मोटारीच्या थांब्यावर त्याला गाठलं, हात जोडले आणि माझ्या चंचीतलं पान दिलं. ते एक काम तरी नीट झालं. दुसरं अजून चालू आहे. ते दाभणाचं टोक मी पुडीसकट जपून ठेवलं होतंच. त्याच लोहाराकडून तसंच आत ठोकून घेतलं. रोज सकाळी चहानंतर बसतो. हळू ओढून बघितलं, झटका देऊन बघितलं, तेल घालून, ऊन देऊन, डाव्या हाताने. त्याच जातीची सुपारी आणली, तोच जुना कोट घालूनसुद्धा बसलो. जबडा तसूभर हलत नाही. तेरा वर्षांपूर्वी दुपारच्या उजेडात, चार माणसांच्या देखत तो कसा उघडला, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. वाचकांत कुणी लोहारकाम जाणणारा असेल तर त्याने जरूर कळवावं.

फक्त एवढंच लिहू नये की टोक नीट बसलं नसेल. मी ते एकदा बोलून बघितलं. हौसा तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली.

“तुमचं तुमी बगा,” म्हणाली. “माजं काम म्या नीट केलं व्हतं.”